उल्हास-खोऱ्याच्या माथ्यावरचे सदाहरित वन

मोहने हे गाव आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. आंबिवलीचे रेल्वेस्थानक त्याच्या उशाशी आहे, आणि रेयॉनच्या कारखान्याने ज्या कामगारांना दूरदूरच्या मुलखातून येथे आणून वसविले त्यांची नातवंडे, तो कारखाना बंद पडून बराच काळ लोटल्यावरही, याच गावाला आपले गाव म्हणतात. अशा कामगारवस्तीतल्या माणसापुढे सदाहरित अरण्याचा विषय काढला, तर त्याचा आपल्याशी काय संबंध, असे त्याने विचारावे हे साहजिक आहे. परंतु संबंध आहे, आणि तो जुना आहे. रेयॉनचा धागा मुळात लाकडाच्या लगद्यातून काढलेला असतो, आणि त्या लगद्याचे सूत करावयास पाणी अमाप लागते. तेव्हा ज्या उद्योगावर या गावाचा प्रपंच उभा राहिला, तो उद्योगच वन आणि नदी या दोहोंच्या जिवावर चाललेला होता. कारखाना गेला, नदी राहिली. आणि शेजारच्या मोहिली येथील केंद्रातून उपसलेले तिचे पाणी आजही कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत जाते.

ही उल्हास नदी लोणावळ्याजवळच्या राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत आणि बदलापूर यांवरून उत्तरेस येते, आणि कल्याणपाशी पश्चिमेस वळून वसईच्या खाडीला मिळते. पण नदीचे खोरे तिच्या एका प्रवाहापुरते नसते. पेज, बारवी, भातसा, काळू या नद्या आपापल्या डोंगरांचे पाणी घेऊन याच खोऱ्यात येतात, आणि भीमाशंकरच्या कड्यावरून पश्चिमेस कोसळणारे असंख्य ओढेही कर्जत व मुरबाड तालुक्यांतून वाट काढीत अखेर येथेच पोहोचतात. त्याच कड्याच्या पूर्वेस पडलेला पाऊस मात्र भीमेच्या आणि घोडनदीच्या स्वाधीन होतो. ती भीमा पंढरपुरास चंद्रभागा म्हणवून घेते आणि सुमारे 861 किलोमीटरांचा प्रवास करून कृष्णेला मिळते. म्हणजे कार्तिकी एकादशीला वारकरी ज्या पाण्यात स्नान करतो आणि आंबिवलीची गृहिणी ज्या पाण्यात डाळ शिजविते, त्या दोहोंतला काही अंश तरी डोंगराच्या एकाच धारेवर विभागला गेलेला असतो.

या निसर्गदत्त वाटणीत मनुष्याने फेरफारही केलेला आहे. आंध्रा ही मावळातली नदी पूर्ववाहिनी. पण तिच्यावर धरण बांधून तिचे पाणी कड्याखाली भिवपुरीच्या वीजगृहात उतरविण्याची योजना टाटांनी 1922 साली पुरी केली, आणि वीज निर्माण करून मोकळे झालेले ते पाणी पुढे उल्हास नदीत येऊ लागले. भर वैशाखात उल्हास वाहती दिसते त्याचे मोठे कारण हे होय. परंतु धरणाला पाणी पुरविणारा पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावरच पडतो; आणि त्या माथ्यावर ठिकठिकाणी, तुटक तुटक पट्ट्यांच्या रूपाने, जे सदाहरित वन अद्यापि शिल्लक आहे, त्याची ओळख करून देणे हा या प्रकरणाचा हेतू आहे. त्या पट्ट्यांपैकी मोहन्याच्या माणसाला सहज गाठता येण्याजोगा आणि कायद्याने अभयारण्य म्हणून राखलेला पट्टा म्हणजे भीमाशंकरचा.

पावसाचे वन आणि कोरडे आठ महिने

विषुववृत्ताच्या आसपास जी पर्जन्यवने आहेत, त्यांना वर्षभर पाऊस मिळतो. तेथील वृक्षाला पानगळीची गरज पडत नाही, कारण पाणी तोडून ठेवणारा ऋतूच त्याच्या आयुष्यात येत नाही. आपल्या पश्चिम घाटाची गोष्ट निराळी आहे. येथे पाऊस कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो, आणि मग आकाश जे कोरडे होते ते पुढल्या मृगापर्यंत. केरळात नैर्ऋत्येचा पाऊस सरला तरी परतीचा पाऊस आणि वळवाच्या सरी मिळून कोरडा काळ तीन-चार महिन्यांवर येतो. जसजसे उत्तरेस यावे तसतसा तो लांबत जातो, आणि आपल्या अक्षांशावर सात-आठ महिन्यांचा होतो. पावसाच्या एकूण मापाइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्व वनाच्या दृष्टीने या कोरड्या महिन्यांना आहे.

त्याचा परिणाम वृक्षांच्या उंचीत आणि जातींत स्पष्ट दिसतो. दक्षिणेकडील सदाहरित वनांत चाळीस मीटरांवर माथा नेणारे जे महावृक्ष आहेत, ते आपल्याकडे येईपर्यंत गळून पडतात. येथे राज्य चालते ते अंजनी, जांभूळ आणि पिसा या त्रयीचे, आणि त्यांच्या सोबतीला पारजांभूळ, कुंबळ, हिरडा, आंबा, उंबर ही मंडळी असतात. वनस्पतिशास्त्रज्ञ उत्तर सह्याद्रीतील या वनाला अंजनी-जांभूळ-पिसा यांचाच समुदाय म्हणून ओळखतात. कड्यावरच्या सोसाट्याच्या वाऱ्याने आणि जांभ्या दगडावरील पातळ मातीने वृक्षांना ठेंगणे केलेले असते. पण त्यांचे माथे एकमेकांत असे गुंतलेले असतात की, खाली उभ्या राहिलेल्या माणसाला आकाशाचा सलग तुकडा क्वचितच दिसावा.

आठ महिने पावसाचा थेंब नसता या वृक्षांची पाने गळत कशी नाहीत, हा प्रश्न जिज्ञासूने विचारावा असाच आहे, आणि त्याचे उत्तर त्या पानांतच शोधावे लागते. अंजनीचे पान हाती घेतले तर ते जाड, चकचकीत, चामड्यासारखे चिवट लागते. बाष्प बाहेर जाऊ न देण्याची ही त्याची तजवीज आहे. वर दाट छत असल्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही, वारा आत शिरत नाही, आणि पडलेल्या पानांचा थर खालची ओल गोधडीसारखा पांघरून ठेवतो. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी कड्यावरून चढून येणारे धुकेही पानांवर निथळते आणि थेंबाथेंबाने मातीत उतरते. म्हणजे हे वन आपल्याला लागणारी आर्द्रता काही अंशी स्वतःच राखून ठेवते. छत शाबूत आहे तोवर ओल शाबूत, आणि ओल शाबूत आहे तोवर छत शाबूत, असा हा परस्परावलंबी व्यवहार आहे. तो एके ठिकाणी तुटला की दोन्ही बाजूंनी उसवत जातो. छत फाटलेल्या जागी ऊन पडते, माती सुकते, अंजनीचे कोवळे रोप जगत नाही, आणि त्या जागेवर कारवी, करवंद आणि गवत यांचा अंमल बसतो. आपले सदाहरित वन त्याच्या हवामानाच्या अगदी सीमेवर उभे आहे, ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली म्हणजे पुढील सर्व विवेचन आपोआप उलगडते.

माहिती केंद्राचे प्रयोजन

अरण्यात प्रथमच गेलेल्या माणसाची बहुधा निराशा होते, हे सांगावयास संकोच करण्याचे कारण नाही. चित्रपटांनी आणि चित्रांच्या पुस्तकांनी त्याला अरण्य म्हणजे पावलोपावली दिसणारी जनावरे असे शिकविलेले असते. आणि भीमाशंकरच्या वनात बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर ही सर्व मंडळी असूनही त्यांतले कोणीही दिवसाढवळ्या पाहुण्याच्या स्वागताला येत नाही. दिसतो तो हिरवा काळोख, ऐकू येतो तो कीटकांचा अखंड स्वर, आणि 'येथे काहीच नाही' असा शेरा मारून तो परत फिरतो. वस्तुतः त्याच्या सभोवती सर्व काही असते; ते कोठे आणि कसे पाहावे याचे शिक्षण मात्र त्याला कोणी दिलेले नसते. हे शिक्षण देण्यासाठीच निसर्ग माहिती केंद्र नावाची संस्था जगभर निर्माण झाली.

ठाणे-कल्याणकडील माणसाला अशा केंद्राचा परिचय करून घेण्यास फार दूर जावे लागत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, ज्याला जुनी पिढी कृष्णगिरी उपवन म्हणून ओळखत असे, वनखात्याचे निसर्ग माहिती केंद्र आहे. आणि 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने गोरेगावच्या चित्रनगरीला लागून, त्याच डोंगराच्या कुशीत, निसर्गशिक्षणाचे आपले स्वतंत्र केंद्र चालविले आहे. ते वन मुख्यतः पानझडी आहे, सदाहरित नव्हे. पण येऊरच्या बाजूने ठाण्याला टेकलेल्या त्या शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांच्या रानात पाऊलखूण कशी वाचावी, पक्ष्याचा आवाज कसा ओळखावा, कारवीला सात-आठ वर्षांनी एकदाच फुलोरा का येतो, हे शिकून घेतलेला माणूस भीमाशंकरला गेला, तर त्याचे डोळे अर्धे उघडलेले असतात.

सदाहरित वनाच्या दारात केंद्र कसे असावे, याचा एक चांगला दाखला केरळातील सायलेंट व्हॅलीचा आहे. कुंतीपुळा नदीवर धरण बांधण्याचा बेत दीर्घ लोकचळवळीनंतर रद्द झाला आणि 1984 साली त्या खोऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथे जाणाऱ्या पाहुण्याला मुक्काली या गावी थांबावे लागते. तेथल्या कचेरीत नोंद करावयाची, माहिती केंद्र पाहावयाचे, आणि मग वनखात्याने मान्य केलेल्या गाडीतून, मार्गदर्शकासमवेत, सैरंध्री येथील मनोऱ्यापर्यंत जावयाचे, असा शिरस्ता आहे. खाजगी गाडी पुढे नेता येत नाही. दूरच्या पोर्तो रिको बेटावर एल युंके नावाचे पर्जन्यवन आहे. त्याच्या पायथ्याशी 'एल पोर्ताल' नावाचे मोठे केंद्र असून 2017 च्या चक्रीवादळात मोडकळीस आलेले ते केंद्र दुरुस्त करून पुन्हा उघडण्यात आले. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच: प्रथम समजून घ्यावे, मग आत जावे.

केंद्राची परीक्षा मात्र त्याच्या इमारतीवरून करू नये. पेंढा भरलेला बिबट्या आणि बटण दाबताच पेटणारे दिवे यांनी बालकांची करमणूक होते, आणि त्यातही वावगे काही नाही; परंतु ज्या केंद्रातून बाहेर पडताना पाहुण्याच्या मनात दोन-तीन नेमके प्रश्न असतील, ते केंद्र उत्तम समजावे. पाणलोटाचा एक ठसठशीत नकाशा, ज्यावर पाहुण्याला आपले गाव आणि हे शिखर यांच्यामधली नदी बोटाने दाखविता येईल. वनाच्या मजल्यांचा एक उभा छेद, ज्यात कोणता जीव कोणत्या उंचीवर राहतो हे दिसेल. आणि त्या ऋतूत फुललेल्या-फळलेल्या झाडांची, दर पंधरवड्याला बदलणारी, साधी हस्तलिखित यादी: एवढे जरी असले तरी पुष्कळ झाले. यांपैकी पहिल्याचे महत्त्व सर्वांत अधिक, कारण अरण्य दुसऱ्या कोणाचे तरी आहे ही शहरवासीयाची समजूत नकाशापुढे टिकत नाही.

खांडसच्या वाटेने

भीमाशंकरला जाण्याचा राजमार्ग पुण्याकडून, राजगुरुनगर किंवा मंचरवरून आहे, आणि यात्रेकरूंचा ओघ त्याच वाटेने जातो. परंतु ज्याला वन पाहावयाचे आहे, अंगात धमक आहे आणि सोबतीला जाणता वाटाड्या आहे, त्याने कोकणातून चढावे. कल्याणहून कर्जतच्या गाडीने नेरळ, तेथून कशेळेवरून खांडस, आणि खांडसहून दोन वाटा: सोपी पण लांबची गणेश घाटाची, आणि जवळची पण अवघड, कड्याला शिड्या लावलेली, शिडी घाटाची. पावसाळ्यात शिडी घाटाच्या वाटेला जाऊ नये. निसरड्या खडकावर तेथे अपघात झालेले आहेत.

या चढणीचा विशेष असा की, ग्रंथात वाचलेले वनांचे प्रकार येथे एकामागून एक पायाखालून जातात. पायथ्याशी साग, ऐन, पळस यांचे पानझडी रान असते; फाल्गुनात ते उघडेबोडके दिसते आणि वाळलेल्या पानांचा चुरा पायाखाली वाजत राहतो. निम्म्या चढावर पदराचा सपाट भाग लागतो, जेथे पदरवाडी ही वस्ती आहे. भातखाचरे, गुरे, आणि मागे उभी ठाकलेली कड्याची भिंत असा तेथला देखावा आहे. पदर ओलांडून दुसरी चढण सुरू झाली की कारवीची दाटी लागते, आणि माथ्याच्या जवळ, एखादा उंबरठा ओलांडावा तसा, माणूस सदाहरित वनात शिरतो. पायाखालचा चुरा वाजेनासा होतो, हवा एकाएकी गार लागते, आणि उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना काही क्षण नीट दिसत नाही.

येथे थांबावे. भीमाशंकरच्या वनात चालण्यापेक्षा थांबल्यानेच अधिक दिसते. वसंत ऋतू असेल तर अंजनीच्या फांद्यांकडे पाहावे: फुले टोकाला न येता जुन्या, पाने झडलेल्या काडीवरच, गर्द निळ्या-जांभळ्या झुबक्यांनी लगडलेली असतात, आणि झाडाखाली त्याच रंगाचा सडा पडलेला असतो. पिशाची पाने फांदीच्या टोकाशी चक्राकार मांडलेली दिसतात. खोडांवर शेवाळाचे आणि आमरीचे थर असतात. आमरी झाडाचा रस शोषीत नाही, त्याच्या आधाराने केवळ उजेडाच्या जवळ जाऊन राहते. ओढ्याच्या काठी शीळकरी कस्तूर असेल तर त्याची माणसासारखी, वाट चुकल्यागत भटकणारी शीळ ऐकू येईल.

आणि मग मान वर करून शेकरूची घरटी शोधावीत. काटक्या आणि हिरवी पाने गुंतवून बांधलेले, कावळ्याच्या घरट्याहून मोठे असे ते गोळे, फांदीच्या बुंध्याशी नव्हे तर शेंड्याकडील बारीक डहाळ्यांत असतात, जेथे बिबट्याचे किंवा सापाचे वजन पेलले जाणार नाही. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते आणि आलटून पालटून वापरते. महाराष्ट्राने या प्राण्याला राज्यप्राणी मानलेले आहे. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची आकडेवारी गोळा करीत हिंडणाऱ्या कर्नल साइक्स यांनी 1831 साली येथल्या शेकराचे शास्त्रीय वर्णन करताना त्याला गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि अंगाहून लांब झुबकेदार शेपूट असलेला हा जीव एका उडीत सहा मीटरांपर्यंतचे अंतर तोडतो, पण जमिनीवर सहसा उतरत नाही. त्याच्या दृष्टीने वन म्हणजे छत. आणि त्या छतात रस्त्याने किंवा वाहनतळाने दहा-बारा मीटरांची फट पाडली, तर आपल्याला ती किरकोळ वाटली तरी शेकराच्या मुलखाची ती फाळणी ठरते. रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या भेटू द्याव्यात की छाटाव्यात, हा प्रश्न बांधकाम खात्याच्या कारकुनाला क्षुल्लक वाटेल. शेकराचा सारा वंशविस्तार त्यावर अवलंबून असतो.

पावसाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री या वनातील कुजक्या काटक्या आणि पालापाचोळा मंद हिरवट उजेडाने चमकतो, हा येथला बहुचर्चित चमत्कार. त्यामागे चमत्कार नसून एक प्रकारची सूक्ष्म अळंबी आहे. ओल्या लाकडात पसरलेल्या तिच्या तंतूंत एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून उष्णतेवाचून प्रकाश निघतो. जेथे लाकूड कुजू दिले जाते आणि ओल टिकते तेथेच हे घडते. वाळकी काटकी न् काटकी उचलून स्वच्छ केलेल्या रानात ते कधीच दिसणार नाही.

देवाची राई आणि सरकारची हद्द

अशा नाजूक सीमेवरचे वन इतकी शतके टिकले कसे, हा खरा प्रश्न आहे. कारण त्याच्या पायथ्याचा मुलूख लाकडासाठी फार पुरातन काळापासून प्रसिद्ध आहे. सहाव्या शतकातील कॉसमस या ग्रीक व्यापारी-प्रवाशाने कल्याण बंदराचे वर्णन करताना तेथून निर्यात होणाऱ्या जिनसांत इमारती लाकडाची गणना केलेली आहे. शिवछत्रपतींच्या आरमाराचा आरंभ कल्याण-भिवंडीच्या खाडीत झाला, त्यालाही जवळच्या डोंगरांतील सागाचा आधार होता. 1853 साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आणि 1854 साली कल्याणपर्यंत आगगाडी आली, तेव्हा रुळांखालच्या लाकडांची आणि सरपणाची मागणी ठाणे जिल्ह्याच्या रानांवरच पडली.

राखण्याचा विचारही तितकाच जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना घ्यावयाच्या दक्षतेचा उल्लेख आहे. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच झाल्यास धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्या हुकुमाचा आशय आहे. 1847 साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि सरकारी बंदोबस्ताचे युग सुरू झाले. पण बंदोबस्त आणि रयतेची गरज यांचा मेळ बसेना. भाताची रोपे वाढविण्यासाठी फांद्या-पाला जाळून जमीन भाजण्याची, म्हणजे राब भाजण्याची, ठाणे-कुलाब्याची पद्धत सरकारी रानांत बंद पाडण्याचा प्रयत्न होताच एवढा असंतोष माजला की, 1885 साली सरकारला त्यासाठी खास वन-आयोग नेमावा लागला. वनरक्षणाच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचे नाव असे तक्रारीच्या अर्जाने दाखल झालेले आहे.

भीमाशंकरच्या माथ्यावर मात्र सरकारी हद्दीच्या आधीपासून दुसरी एक हद्द होती, ती देवाची. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे असल्यामुळे भोवतालच्या रानाला आपोआप पावित्र्य आले. आणि आसपासच्या महादेव कोळ्यांच्या गावांनी आपापल्या ग्रामदैवतांच्या नावे देवराया राखल्या, ज्यांत कोयता लावण्यास, किंबहुना कित्येक ठिकाणी वाळका फाटा उचलण्यासही, मज्जाव असे. डॉ. माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे डॉ. वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्याने ही गोष्ट विद्वानांच्या नजरेस आणली की, भोवतालचे डोंगर उघडे पडले असताना मूळच्या सदाहरित वनाचे नमुने या देवरायांतच शिल्लक राहिलेले आहेत. देवळाच्या आवारात एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकल्यावर तेथून आणलेल्या घंटांपैकी ती एक, असे सांगतात. वसईच्या खाडीचे पाणी ज्या डोंगरातून येते त्या डोंगरावर वसईची घंटा जावी, हा योगायोग मोहन्याच्या वाचकाला विचार करण्याजोगा वाटेल.

1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये 1985 साली पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले सुमारे 131 चौरस किलोमीटरांचे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यामुळे वृक्षतोडीला आणि शिकारीला कायद्याचा अटकाव बसला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्या हद्दीच्या आत गावे आहेत, आणि त्या गावांचे उत्पन्न ज्यावर चालते तो बाळहिरडाही याच रानातला आहे; पावसाळ्यापूर्वी कोवळी फळे काढून, वाळवून ती विकली जातात आणि औषधाकडे व रंग-कातड्याच्या धंद्याकडे जातात. हिरड्याचे झाड जगले तरच पुढल्या वर्षी फळ मिळणार, हे तेथल्या म्हातारीला कोणा अधिकाऱ्याने शिकवावे लागत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी वन राखले त्यांनाच हद्दीत परके ठरविणारी व्यवस्था फार काळ वन राखू शकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. राबाच्या प्रकरणाचा धडाही तोच आहे.

पाहुण्याचे कर्तव्य

आज या वनाला कुऱ्हाडीचे भय पूर्वीइतके नाही. भय आहे ते गर्दीचे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला लोटणारा यात्रेकरूंचा पूर, त्यांच्या गाड्यांसाठी रुंद होत जाणारे रस्ते, वाटेच्या कडेला साचणारे प्लास्टिक, आणि अलीकडे पावसाळी रात्री चमकणारे रान पाहण्याच्या हौसेने विजेऱ्या घेऊन पाचोळा तुडवीत हिंडणारे तरुणांचे तांडे, या सर्वांचा भार त्याच अरुंद धारेवर पडतो. वनखाते पावसाळ्यात काही धबधबे आणि वाटा बंद ठेवते, त्यावर पर्यटक रागावतात. वास्तविक त्या हुकुमात माणसाच्या जिवाची आणि वनाच्या विश्रांतीची दोहोंची काळजी असते.

तेव्हा मोहने, आंबिवली, कल्याण या भागांतील वाचकांना माझी विनंती अशी की, त्यांनी भीमाशंकरला अवश्य जावे, पण यात्रेचे आणि सुट्यांचे दिवस टाळून, पाऊस ओसरल्यानंतर कार्तिकापासून चैत्रापर्यंत जावे. आधी बोरिवलीचे किंवा गोरेगावचे केंद्र पाहून जावे. वनखात्याचे शुल्क भरावे, स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. मळलेली वाट सोडू नये, पडलेली काटकी उचलू नये, आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून घरी आणावा. तोडलेल्या जागी कारवी दोन पावसाळ्यांत येते. अंजनी-पिशाचे छत एका मनुष्याच्या आयुष्यात परत येत नाही. ते आज जेवढे आहे तेवढेच आपल्या हाती आहे, आणि उल्हासचे पाणी पिणाऱ्या प्रत्येकावर त्याच्या राखणीची जबाबदारी आहे.